कुळकाडी

लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेली बाई हमखास विचारते, "तुम्ही काय करता?" मी सांगते, "गटार चालवते." तिचा घास हातातच राहतो. मग मी वाढप्याला हाक मारून जिलेबी मागून घेते. मला त्यात मजा येते, खोटं कशाला बोलू?

माझं खरं पद चांगलं भारदस्त आहे. मी सारिका खराडे, सांगली पूर्व पोषण केंद्राची मुख्य केमिस्ट. शहराच्या पूर्वेकडच्या सगळ्या घरांच्या मोऱ्या, संडास आणि बेसिनं शेवटी माझ्या दारात येतात. त्या पाण्याला आत येताना सगळे नाक मुरडतात. त्यातून जे निघतं ते न्यायला शेतकरी पहाटेपासून ट्रॅक्टर लावून उभे असतात. मधलं काम माझं.

थोडं शास्त्र सांगते, लगेच कंटाळू नका. ज्वारीच्या कणसात, उसाच्या कांड्यात, हळदीच्या गड्ड्यात मातीतलं स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, उतरतं. शहर ते खातं. शरीर त्यातलं चिमूटभर ठेवून घेतं आणि बाकीचं दुसऱ्या दिवशी सकाळी सोडून देतं. पूर्वी ते सरळ नदीत जायचं. नदीत जलपर्णी माजायची, आणि ज्याच्या रानातून स्फुरद गेलं तो शेतकरी परदेशातल्या खाणीचं स्फुरद पोत्यानं विकत आणायचा. मग खाणी आटत चालल्या आणि खाणवाल्या देशांनी दारं लावून घेतली. तेव्हा कुठे आपल्याकडे जाग आली आणि परतावा कायदा झाला. कायदा लांबलचक आहे, पण माझ्या आईला तो एका वाक्यात कळला असता. शेजारणीचा डबा रिकामा परत करायचा नसतो. गावाकडून शहराला जेवण आलं ना, मग डब्यात काहीतरी घालूनच तो परत पाठवायचा.

आम्ही काय घालतो तेही सांगते. केंद्रात उंच नळकांडी आहेत. गाळून घेतलेलं सांडपाणी खालून वर चढतं, आणि त्यात आम्ही कोकणातल्या मिठागरांतलं, मीठ काढून उरलेलं कडू पाणी सोडतो. त्यात मॅग्नेशियम असतं. मॅग्नेशियम, अमोनिया आणि स्फुरद एकमेकांना धरून बसतात आणि खडीसाखर वाढावी तसा खडा वाढत जातो. तो धुवायचा, तापवायचा, जंतू आणि जड धातू तपासायचे, मग पोत्यात भरायचा. पांढराशुभ्र, साबुदाण्याएवढा खडा. आमच्या केंद्रातली पोरं त्याला गटारसाबुदाणा म्हणतात आणि चतुर्थीला एकमेकांना विचारतात, "उपासाला चालतो का रे?" ह्या सगळ्यात माणूस कुठेही गटारात उतरत नाही. आपल्या भाषेत ह्याच मालाला सोनखत म्हणायचे. मालाला सोनं म्हणायचे आणि वाहून नेणाऱ्याला दाराबाहेर उभं करायचे. ते तरी संपलं.

कायद्यातलं एक कलम मला सुरुवातीला फार आवडलं होतं. शहरं खडे खरंच शेतात पोचवतात की नुसते कागदावर, हे कळावं म्हणून प्रत्येक केंद्राच्या प्रत्येक लॉटमध्ये खूण मिसळायची. खूण म्हणजे डीएनएचा एक लहानसा तुकडा, धुळीच्या कणाएवढ्या काचेच्या कवचात बंद केलेला. तो उगवत नाही, पचत नाही, उकळला तरी मोडत नाही. कुणाला त्याचा अपायही नाही. तो फक्त वाचता येतो. मातीबरोबर तो पिकाच्या सालीत अडकतो. पिकाची चिमूट पाण्यात घालून एक पट्टी बुडवायची. खूण असली तर पट्टीवर निळी रेघ उमटते आणि फोनवर खडा कुठल्या केंद्राचा ते दिसतं. सरकारनं तिचं नाव ठेवलं मागोवा पट्टी. लोकांनी आठवड्याच्या आत तिला कुळकाडी करून टाकलं. आपल्या लोकांना कुळ विचारल्याशिवाय घास उतरत नाही, हे त्या कलम लिहिणाऱ्याच्या ध्यानात राहिलं नसावं.

माझा धाकटा भाऊ संताजी कुंभारड्याला हळद करतो. गावात पहिले खडे त्यानं टाकले, कारण मी त्याचं डोकं खाल्लं. हळद नऊ महिने जमिनीत असते आणि हा खडा सावकाश विरघळतो, पावसानं वाहून जात नाही. दोघांची कुंडली चांगली जुळते. पहिल्या साली गाव हसलं. पुढं त्याच्या हळदीचा रंग आणि गड्डा बघून एकेक जण मागं आला. संताजी मग चावडीपुढं भाषणं द्यायला लागला. "भिऊ नका, आपलंच आपल्याकडं येतंय," असं तो छाती काढून सांगायचा आणि मी मागच्या खुर्चीवर बसून फुगायचे.

त्याची एकुलती एक मुलगी ईश्वरी जनावरांची डॉक्टर आहे. तिचं सांगलीच्या सोहम जगदाळेशी जमलं. मुलगा पुलांची तपासणी करणारा इंजिनिअर, शांत, जरा जास्तच शांत. साखरपुड्याला त्याची आई, प्राजक्ताताई, स्वतः होऊन म्हणाल्या, "लग्नाला हळद तुमच्याच रानातली हवी हं. सोहमला तीच लावू आणि तिचीच उष्टी ईश्वरीला पाठवू." आमच्याकडे आधी नवऱ्या मुलाला हळद लागते आणि त्यातली उरलेली, उष्टी हळद ताटात घालून वाजतगाजत मुलीच्या घरी येते. संताजीला इतका आनंद झाला की त्यानं दुसऱ्याच दिवशी हळदीचा डबा त्यांच्याकडे पोचता केला.

तिथंच घोटाळा झाला. रथसप्तमीच्या हळदीकुंकवाला प्राजक्ताताईंनी कौतुकानं तोच डबा उघडला. "आमच्या सुनेच्या माहेरची हळद" असं म्हणत कॉलनीतल्या बायकांना लावली. कुणीतरी गंमत म्हणून पर्समधली कुळकाडी बुडवली. काडी निळी झाली. दोघींनी त्यांच्यादेखत पदरानं कपाळ पुसलं.

प्राजक्ताताईंचा फोन मला आला, संताजीला नाही.

"ताई, राग मानू नका. माझं म्हणाल तर मला काही नाही. पण आमच्याकडे खंडोबाचं असतं, लग्नानंतर जागरण-गोंधळ असतो. तुम्ही दुसरी हळद करा ना. बाजारात सोवळी म्हणून मिळते, खडे न टाकलेली. कुणाला सांगायची तरी काय गरज?"

"ती हळद तुम्हीच मागितलीत," मी म्हटलं.

"तेव्हा कुठे माहीत होतं? बरं, एक विचारू? हे कुठल्या वस्तीचं असतं हो? म्हणजे वेगवेगळं ठेवता येत असेल ना? कॉलन्यांचं वेगळं, झोपडपट्टीचं वेगळं?"

माझं टाळकंच सरकलं. "प्राजक्ताताई, पाइपात शिरताना कुणी आडनाव लावून शिरत नाही," म्हटलं आणि फोन ठेवला. ठेवला कसला, आपटला.

दुसऱ्या दिवशी मध्यस्थाकरवी निरोप आला. हळद बदला, नाहीतर आम्हाला पुढचा विचार करावा लागेल. पुढचा विचार म्हणजे काय, ते मुलीच्या घरच्यांना कुणी फोड करून सांगावं लागत नाही. आणि इथं नुसतं लग्न अडलेलं नव्हतं. संताजीच्या पोरीच्याच लग्नात संताजीची हळद चालली नाही, हे एकदा पसरलं असतं तर पुढच्या हंगामात कुंभारड्यात कुणी एक पोतं उचललं नसतं.

सोहमनं ईश्वरीला फोन केला तेव्हा ती माझ्याच घरी होती. फोन तिनं स्पीकरवर टाकला. आत्याला सगळं ऐकू यावं, अशी तिची इच्छा असावी.

"मी आईला समजावतो," तो म्हणाला.

"तिला नंतर समजाव. तुझं काय म्हणणं आहे ते सांग."

"मला चालतं गं."

"चालतं? सोहम, मला 'चालतं' म्हणणारा नवरा नकोय. 'हवं' म्हणणारा हवाय." एवढं बोलून तिनं फोन बंद केला आणि माझ्या ओट्याशी उभी राहून कांदा चिरायला घेतला. कांद्यानं सोय केली, तिला डोळे पुसावे लागले नाहीत.

मी सुट्टी टाकून कुंभारड्याला गेले. वाटेत संताजीच्या बाजूनं काय काय बोलायचं त्याची मनात उजळणी केली. जगदाळ्यांना कायदा दाखवीन, तपासणीचे आकडे तोंडावर फेकीन, गरज पडली तर सगळ्यांना केंद्रात नेऊन ते स्वच्छ खडे ओंजळीत देईन. जाऊन बघते तर संताजी अंगणात निवांत चहा पीत बसलेला.

"आक्का, तू कशाला एवढी पळत आलीस? इलाज हाय माझ्याकडं."

तो मला विहिरीकडं घेऊन गेला. तिथं एक वाफा होता, बाकी रानापासून बांध घालून वेगळा काढलेला. हळद काढून झाली होती, माती मोकळी पडली होती.

"हितं निस्तं गाईचं शेणखत," तो म्हणाला. "एक खडा पडू दिला न्हाई. देवाच्या भंडाऱ्यापुरती हळद हितंच करतो. औंदा ईश्वरीच्या लग्नापुरती जास्त केली हुती. म्हटलं, कुणी अडून बसलंच तर असावी."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"संत्या, कधीपासून करतोस हे?"

"पयल्यापासनं."

"म्हणजे चावडीपुढं उभा राहून गावाला सांगत होतास, भिऊ नका, आणि स्वतः इथं वेगळा वाफा? सोवळ्याचा?"

"रानाचं येगळं आक्का, देवाचं येगळं. तुझ्यावर इश्वास हाय म्हणून तर सगळं रान तुझ्या हवाली केलं. पर देवाला..." त्यानं मान खाली घातली. "देवाला कसं दिऊ गं ते?"

मला रडू आलं, आणि रडू आलं की मी भांडते. मी त्याला ढोंगी म्हटलं, भित्रा म्हटलं, तुझ्यात आणि त्या कपाळ पुसणाऱ्या बायकांत फरक काय, असंही म्हटलं. तो खडे टाकताना कायम हातमोजे घालायचा. मला वाटायचं, माझी सूचना पाळतोय. आता त्या हातमोज्यांचा अर्थ लागला. जगानं नाक मुरडलं तर मी जिलेबी मागते. पण हा माझा पाठचा भाऊ होता.

त्याची बायको रूपाली मधे पडली. "वन्सं, तुमचं समदं खरं. पर आधी पोरीचं लगीन हू द्या. मग भावाला काय मारायचं ते मारा."

बरोबरच होतं तिचं. मी भांडण तिथंच टाकलं. ईश्वरीला सांगितलं तेव्हा तिनं बापाकडं नुसतं बघितलं आणि म्हणाली, "पप्पा, मला रानातली हवी होती." तरीही शेवटी वाफ्यातली हळद घ्यायची ठरली आणि जगदाळ्यांकडं निरोप गेला की तुमच्या मनासारखं होईल.

घाणा भरायच्या दिवशी प्राजक्ताताई आणि त्यांची जाऊ कुंभारड्याला आल्या. घाणा भरणं म्हणजे मुसळाला आंब्याची डहाळी आणि हळकुंड बांधायचं आणि सवाष्णींनी गाणी म्हणत उखळात हळद कांडायची. त्याशिवाय लग्नाच्या कामाला हात लागत नाही. गल्लीतल्या बायका जमल्या होत्या, उखळाला कुंकू लावून झालं होतं. प्राजक्ताताई गोड बोलत होत्या, पण हातातली पिशवी काही खाली ठेवत नव्हत्या. आणि जाऊबाईंनी बसल्या बसल्या पर्समधून कुळकाडी काढली.

"अविश्वास नाही हो. मनाचं समाधान, एवढंच," त्या म्हणाल्या.

"बघा की, खुशाल बघा," संताजी म्हणाला. "उखळात डोकं घातल्यावर मुसळाला काय भ्यायचं?" आणि माझ्याकडं बघून हसला. मी मान फिरवली.

वाटीत पाणी आलं, वाफ्यातल्या हळदीची चिमूट पडली, काडी बुडली. बायकांचं गाणं आपोआप थांबलं. जरा वेळानं काडीवर एक रेघ उमटली, फिकट, पण निळीच.

"परतावा," जाऊबाईंनी फोनवर वाचलं. "खूण सापडली."

संताजीचा चेहरा पांढराफटक पडला. "खोटं हाय! आईच्यान सांगतो, एक खडा बी टाकला न्हाई त्यात! खंडोबाची आन!"

प्राजक्ताताई उठून उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज चढला नाही, आणि ते जास्त वाईट होतं. "भाऊ, सरळ सांगितलं असतं तर आम्ही मार्ग काढला असता. पण देवाच्या नावावर फसवणूक?"

आता सगळं संपलं, असं मला वाटलं. भावाशी मी भांडले होते, पण त्याला खोटारडा ठरताना बघवेना. तो चोर नव्हता. तो तसाच उभा होता, आणि त्याच्या अंगणात गल्लीतल्या बायका खाली मान घालून बसल्या होत्या.

तेवढ्यात ईश्वरीनं विचारलं, "पप्पा, वाफ्याला शेण कुठल्या गाईंचं?"

"आपल्याच."

"गाई काय खातात?"

"काय खाणार? कडबा, हिरवा मका. आपल्याच रानात..." आणि तो थांबला.

मी कपाळावर हात मारला. केमिस्ट ना मी! राग डोक्यात शिरला की गाय काय खाते हेही आठवत नाही. मग मीच सगळ्यांना सांगितलं. खडे रानात पडले, त्यातली खूण मातीत मिसळली, माती कडब्याला चिकटली, कडबा गाईच्या पोटात गेला. काचेचं कवच काही गाईला पचत नाही. ते शेणातून बाहेर आलं आणि विहिरीकडच्या वाफ्यात उतरलं. संताजीनं एक खडा टाकला नाही हे खरं होतं. गाईनं तो तिच्या परीनं आणून टाकला होता.

"गाईनंच?" रूपालीच्या तोंडून निघालं, आणि मागं कुणीतरी खुदकन हसलं.

प्राजक्ताताई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी हातातली पिशवी पुढं केली. "असू दे. मी सोय करून आणली आहे." पिशवीतून पाकीट निघालं, चकचकीत, त्यावर सोनेरी कळस छापलेला. शुद्ध सोवळी हळद.

"काकू," ईश्वरी शांतपणे म्हणाली, "एक काडी उरली असेल ना? हिचंही बघू या."

जाऊबाईंनी प्राजक्ताताईंकडं बघितलं. आता नाही म्हणायची सोय नव्हती. पाकीट फोडलं, काडी बुडवली. रेघ उमटली ती चांगली गडद. जाऊबाई वाचायला लागल्या आणि मधेच अडल्या. मी फोन हातात घेतला. एक केंद्र कोकणातलं, एक विदर्भातलं, एक थेट दुसऱ्या राज्यातलं, आणि खाली अजून नावं होती.

"ह्यात तर अख्खा देश जेवून गेलाय," मी म्हटलं. "प्राजक्ताताई, कायदा सगळीकडंच आहे. बाजारात जाणारी कुठली हळद ह्यातून सुटणार? ह्या पाकिटाला आजवर कुणी काडी लावली नाही, कारण त्यावर कळस आहे."

त्या हळूच पाटावर बसल्या. मला पहिल्यांदाच त्यांची थोडी दया आली. कॉलनीत परत जायचं होतं त्यांना.

"आणि ह्यांच्या हळदीत कुठली नावं आहेत?" त्यांनी विचारलं.

"एकच. सांगली पूर्व. माझंच केंद्र."

"पूर्व म्हणजे..."

"म्हणजे तुम्ही. तुमच्या कॉलनीची लाइन माझ्याकडं सगळ्यात आधी येते. तुमचं घर, शेजारचं, समोरचं."

"समोरचं पण?" त्यांनी एकदम मान वर केली. "म्हणजे जिनं माझ्यादेखत पदरानं कपाळ पुसलं, तिचंही?"

"तिचं तर पहिलं. तिचा संडास मेन लाइनवरच आहे."

प्राजक्ताताईंच्या ओठाचा कोपरा हलला. मग त्यांनी ओठ दाबून धरले. मग दाबता येईना.

"काकू," ईश्वरी म्हणाली, "मुलीला हळद कुठली लागते?"

"उष्टी."

"कुणाची?"

"कुणाची म्हणजे? नवऱ्या मुलाकडची."

"मग ही आधीच उष्टी होऊन आली आहे. तुमच्याकडची."

रूपालीनं तोंडावर हात ठेवला, संताजी जमिनीकडं बघायला लागला, आणि मला वाटलं, पोरगी फार बोलली. मग प्राजक्ताताई हसायला लागल्या. त्या इतक्या हसल्या की जाऊबाईंना त्यांची पाठ चोळावी लागली. डोळे पुसत त्या म्हणाल्या, "अगं बाई! जन्मभर उष्ट्या हळदीला मंगल म्हणत आले आणि... द्या ते मुसळ इकडं."

संताजी वाफ्यातली हळद उखळात घालायला पुढं झाला. त्यांनी त्याचा हात अडवला.

"ही नको भाऊ. हिची रेघ फिकी आहे. रानातली आणा. उष्टीच लावायची तर चांगली गडद लावू."

संताजी रानातल्या हळदीचं पोतं आणायला अक्षरशः पळत गेला. गल्लीतल्या बायकांनी गाणं पुन्हा उचललं, आणि कुंभारड्यात संध्याकाळपर्यंत ही गोष्ट तिखटमीठ लावून घरोघर पोचली. त्या हंगामात खड्यांची मागणी वाढली ती माझ्या आकड्यांनी नाही. त्या दिवशी कांडलेल्या हळदीनं वाढली.

फाल्गुनात लग्न झालं, सांगलीतच, पूर्वेकडच्या कार्यालयात. हळदीला मी मुद्दाम जगदाळ्यांकडं गेले होते. सोहम पाटावर बसला होता आणि बायका नेहमीसारखं गालाला बोट लावून सोडत होत्या. त्यानं ताटातली मूठभर हळद स्वतःच उचलली आणि कपाळापासून गळ्यापर्यंत फासली. "मला हवी आहे, लावा की नीट," तो म्हणाला. मी त्याचा फोटो काढून ईश्वरीला पाठवला. तिचं उत्तर आलं, "आत्या, 'हवी' म्हणाला का?" मी लिहिलं, "सगळ्यांसमोर." समोरच्या घरातली ती बाईही आली होती. प्राजक्ताताईंनी तिच्या दोन्ही गालांना हळद लावली आणि वर म्हणाल्या, "तुमचीच आहे हो, संकोच नको." तिला काही कळलं नाही. ती छान हसली.

संताजीशी मात्र माझं नीट बोलणं झालं नव्हतं. लग्नात तो माझ्या पाया पडला, मी आशीर्वाद दिला, बस्स. भांडण मिटलं होतं पण बोच गेली नव्हती. विहिरीकडचा तो वाफा माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

अक्षय तृतीयेला हळदीची लागण धरतात. मी आदल्या दिवशी केंद्रातून एक पोतं वेगळं काढलं आणि स्वतः गाडीत घालून कुंभारड्याला नेलं. संताजीनं पोत्याची चिठ्ठी वाचली, लॉटची तारीख बघितली आणि बोटांवर काहीतरी मोजलं.

"आक्का, ही तर लग्नाच्या आठवड्याची तारीख हाय."

"हो."

"म्हंजे ह्यात ईश्वरीच्या लग्नाचं जेवण हाय?"

"आहे की. मसालेभात, मठ्ठा, जिलेबी, सगळं."

"आन मिरजेच्या मामाचं? लई जेवला त्यो. वाढप्याला सोडतच नव्हता."

"अर्धं पोतं त्याचंच असेल."

तो हसला. पोतं त्यानं खांद्यावर घेतलं. मला वाटलं, रानाकडं निघाला. पण तो विहिरीच्या वाटेला लागला. मी मागोमाग गेले. बांधाशी त्यानं पोतं उतरवलं, तोंड सोडलं आणि ओंजळ भरून खडे घेतले. हातात मोजे नव्हते.

"संत्या, हा देवाचा वाफा आहे."

"म्हाईत हाय." तो खडे बघत होता, उन्हात ते चमकत होते. "समद्या रानाचा डबा भरून आला. देवाचा तेवढा रिकामा कशाला ठिवायचा?"

मला पुन्हा रडू आलं. ह्या वेळी मी भांडले नाही. पदर खोचला, पोत्यात हात घातला आणि त्याच्या शेजारी उकिडवी बसून खडे टाकायला लागले. जरा भराभरच टाकत असेन, कारण त्यानं माझं मनगट धरलं.

"सावकाश गं आक्का," तो म्हणाला. "सांडू नको. जेवण हाय ते."